आग विझवून घरी आल्यावर छातीत धडधड: अग्निशामक दलातल्यांच्या हृदयाबद्दल

पेठेतली_धाकटी

नमस्कार. प्रश्न घरातला आहे, पण इथं डॉक्टर आहेत, दलात नोकरी केलेलेही एकदोघं आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा दादा अग्निशामक दलात आहे. कुठल्या ते राहू दे. वय ४६. पोरवयापासून तालमीत, अजूनही सकाळी जोर मारल्याशिवाय चहा घेत नाही. मागच्या आठवड्यात एका गोदामाच्या आगीची वर्दी आली. गाद्यांचा फोम, प्लास्टिक, पुठ्ठे. रात्रभर तिथंच होता. आगीत असताना त्याला काहीच झालं नाही. सकाळी घरी येऊन आंघोळ केली आणि चहा घेताना छातीत धडधडायला लागलं, डावा खांदा जड पडला, दरदरून घाम सुटला. वहिनीनं जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. तिथं एक ईसीजी काढला, "नॉर्मल आहे, जागरणानं पित्त झालंय" म्हणाले आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. दादा खूश. वहिनीला झोप नाही.

मला कळत नाही ते असं. आगीत ठणठणीत असलेला माणूस घरी आल्यावर का बिघडतो? तालमीतलं शरीर असून असं होऊ शकतं का? आणि अग्निशामक दलातली माणसं भाजून मरतात त्यापेक्षा हृदयविकारानं जास्त मरतात असं वाचलं, ते खरं की नेटवरच्या गप्पा?

शिरोलीकर_मोल्डर

ताई, आधी दादांना परत दाखवा, धागा नंतर वाचा. आमच्या फाउंड्रीत भट्टीवरचा एक गडी असाच "पित्त" म्हणून दोन दिवस सोडा पीत होता. नशिबानं वाचला.

टाकाळ्याचा_डॉक्टर

मी फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. पण एवढं लिहायला फिजिशियन पुरे.

शिरोलीकरांशी सहमत. खांदा जड, घाम, धडधड आणि वय ४६, हे एका ईसीजीवर पित्त म्हणून सोडायचं प्रकरण नव्हे. ईसीजी म्हणजे त्या काही सेकंदांत हृदय काय करत होतं, एवढीच नोंद. रक्तवाहिनीत चांगला मोठा अडथळा असलेल्या माणसाचाही पलंगावर निवांत पडलेला असताना ईसीजी साफ येऊ शकतो. म्हणून ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ताची तपासणी करतात, आणि तीसुद्धा काही तासांच्या अंतरानं दोनदा, कारण सुरुवातीला ती साधी येऊ शकते. आता आठवडा गेलाय, तेव्हा रक्तदाब, इको (हृदयाची सोनोग्राफी), साखर, कोलेस्टेरॉल आणि तज्ज्ञांनी तपासून सांगितलं तर ताणचाचणी. नुकतंच छातीत दुखून गेलेल्या माणसाला स्वतःहून जाऊन पट्ट्यावर पळवू नका. आणि तसं परत झालं तर कुठल्याच अपॉइंटमेंटची वाट न बघता १०८.

आता "घरी आल्यावर का" याचं उत्तर. हाच प्रश्न एडिंबरा विद्यापीठातल्या डॉक्टरांना पडला होता. त्यांनी १९ धडधाकट, सिगारेट न ओढणारे अग्निशामक जवान घेतले आणि त्यांना दुमजली इमारतीतून माणूस बाहेर काढायच्या, खऱ्या आगीतल्या सरावात उतरवलं. काम फक्त वीसेक मिनिटांचं. २०१७ साली ते छापून आलं. शरीराचं आतलं तापमान साधारण एक अंशानं चढलं आणि तीन-चार तास उतरलं नाही. रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती जवळपास दोन तृतीयांशानं वाढली. रक्तवाहिन्यांना औषध देऊनही त्या नेहमीसारख्या सैल पडेनात. आणि काहींच्या रक्तात हृदयाच्या स्नायूला बारीक इजा झाल्याच्या खुणा सापडल्या. निरोगी माणसांत, वीस मिनिटांत! दादा रात्रभर होते.

हे होतं कसं? अंगावर जाड सूट आहे, त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही, म्हणजे घामाचा थंडावा मिळतच नाही. शरीर उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडे ढकलतं, तर हातापायांचे स्नायू तेच रक्त कामासाठी मागतात. घामातून पाणी गेल्यामुळे मुळात रक्तातला द्रव कमी झालेला असतो. हृदयात परत येणारं रक्त कमी, म्हणून एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त कमी, म्हणून ठोके वाढवायचे. आगीत १८० च्या पुढे ठोके जाणं यात नवल नाही. उरलेलं रक्त दाट होतं. गुऱ्हाळात रस आटत काकवीकडे जातो तितकं नाही हो, पण दिशा तीच. वर अ‍ॅड्रिनलिनमुळे रक्तातल्या गुठळी करणाऱ्या पेशी उतावळ्या झालेल्या.

आग विझली म्हणून यातलं काही लगेच विझत नाही. माणूस घरी येतो तेव्हा तापमान अजून चढलेलं असतं, रक्त अजून चिकट असतं, आणि वरचा आवेश तेवढा ओसरलेला असतो. त्यामुळे दुखायचं तेव्हा कळतं.

जुना_तांडेल

डॉक्टरांनी बराबर लिहिलंय. माझी नोकरी बाहेर झाली, आता बावड्यात निवांत असतोय. आतून काय होतं ते जरा सांगतो.

आगीत काही झालं नाही म्हणताय ताई, पण आगीत कुणाला काय कळतंय? ब्रांच, म्हंजे पाण्याच्या पाइपाचं तोंड, हातात आली की माणसाला स्वतःचं अंग नसतं. बोट फाटलेलं केंद्रावर आल्यावर दिसतंय.

सुरुवात घंटेपासूनच होते. रात्री तीनला गाढ झोपेत घंटा होती, पाय आधी गमबुटात जातात, जाग गाडीत येते. त्या मिनिटाला छाती कशी हाणत्या ते मला अजून आठवतंय, आणि तवा काम तर काहीच केलेलं नसतं. म्हातारा झालो तरी कुठं शाळेची घंटा वाजली तरी मी उठून उभा राहतोय, बायको हसती.

मग वजन. हेल्मेट, कोट, बूट आणि पाठीवर बीए सेट (श्वासासाठी हवेचा सिलिंडर आणि मुखवटा) धरलं तर वीस-बावीस किलो. त्यात पाण्यानं भरलेला होज ओढायचा, तोही जिन्यावरनं. सिलिंडरवर ४५ मिनिटं लिहिलेली असतात, ती शांत चालणाऱ्याची. हिशेब सांगतो. ६.८ लिटरची बाटली ३०० बारवर भरली की साधारण दोन हजार लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर घेतली तर पन्नास मिनिटं. पण जिना चढून दार फोडणारा माणूस ऐंशी-नव्वद लिटर ओढतोय. पंचवीस मिनिटांच्या आत हवा संपत आल्याची शिट्टी. नवीन पोरगं घाबरलेलं असलं तर त्याच्याही आधी.

आणि लोकांना वाटतं ज्वाळा गेल्या की संपलं. अवो, खरी मेहनत तिथनं सुरू होती. ढिगारा उपसायचा, पहारीनं भिंती उकरायच्या, गादीच्या पोटात धग असती ती पाणी मारून मारून शांत करायची. चार-चार तास. आणि नेमकं त्याच टायमाला पोरं मुखवटा काढून फिरतात, कारण धूर दिसत नाही. मी लय शिव्या घातल्यात यावरनं.

टाकाळ्याचा_डॉक्टर

तांडेल काकांचा शेवटचा मुद्दा ठळक करून ठेवा. धुमसणाऱ्या ढिगाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरतो. म्हणजे हृदयाला काम दुप्पट आणि ऑक्सिजन कमी. फोम आणि नायलॉन जळालं असेल तर सायनाइडचा वायूही, तो पेशींना मिळालेला ऑक्सिजन वापरूच देत नाही.

यात एक फसगत आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडपासून घराघरात आहे. धुरातून आलेल्या माणसाला तो लावला की ९८ दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात. त्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन बसलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. धुरातून आलेल्याचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर तो आकडा न बघता मुखवट्यानं ऑक्सिजन सुरू करायचा आणि रक्ताची वेगळी तपासणी करायची.

भाकरी_विरुद्ध_बर्गर

माफ करा पण हे सगळं परदेशी दिसतंय. अमेरिकेतले फायरमन बर्गर खाऊन शंभर किलोचे झालेले असतात, त्यांना हार्ट अटॅक येणारच. आपली माणसं भाकरी खाणारी, कष्टाची. पोलिसांना ताण नाही? एसटीच्या चालकाला नाही? प्रत्येक नोकरीला हृदय जोडलं तर कसं व्हायचं.

टाकाळ्याचा_डॉक्टर

अर्धा मुद्दा बरोबर आहे, तो आधी मान्य करतो. तिथं वजन, रक्तदाब हे प्रश्न मोठे आहेत, आणि त्यांच्याकडचे बरेच जण पगारी नव्हे तर स्वयंसेवक असतात. पण आकडे नीट बघा. हार्वर्डच्या स्टेफानोस केल्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ ते २००४ मधले अमेरिकेतल्या अग्निशामक जवानांचे कामावरचे मृत्यू तपासले, ९/११ चे वगळून. २००७ साली ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. एकूण ११४४ मृत्यूंपैकी ४४९ हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने. धाकट्या ताईंचा तिसरा प्रश्न होता त्याचं हे उत्तर: गप्पा नाहीत.

त्यातली खरी गंमत पुढे आहे. जवानांचा प्रत्यक्ष आग विझवण्यात जाणारा वेळ नोकरीच्या १ ते ५ टक्के. पण हृदयाच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्या वेळात. माणूस तोच, भाकरी किंवा बर्गर तोच, वजनही तेच. केंद्रावर बसलेला असताना आणि आगीसमोर असताना धोक्यात जो फरक पडतो, तो त्याच्या जेवणावरून सांगता येत नाही. तो फरक कमीत कमी दहापट आणि वर शंभरपटीपर्यंत असा त्यांचा अंदाज. एसटीच्या चालकाचं काम कठीणच, पण बसून असताना त्याचे ठोके १८० वर जात नाहीत.

आणखी एक. आगीवरून परत येताना झालेले मृत्यू १७ टक्क्यांच्या आसपास होते, वर्दीवर जातानाच्या मृत्यूंपेक्षाही जास्त. दादांची गोष्ट त्या खान्यातली.

राहिली भाकरी. २००४ सालच्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना ५९ च्या जवळपास. आपण या बाबतीत जगाच्या पुढे आहोत, दुर्दैवानं.

भाकरी_विरुद्ध_बर्गर

परतीचा आकडा माहीत नव्हता. पण पगारी दलांत भरतीच्या वेळी मैदानी चाचणी असतेच की. पळणं, दोरी, छाती मोजणं. नापास होतात निम्मे.

जुना_तांडेल

चाचणी २२ व्या वर्षी होती भावा. आग ४६ व्या वर्षी लागती.

गंगावेस_दूधकट्टा

तालमीवर कुणी बोलेना म्हणून मी लिहितो. आमच्याकडं समज आहे की ज्यानं पाच-पाचशे जोर मारलेत त्याला काही होत नाही. कुस्ती सुटते पण खुराक सुटत नाही, तिथं घोटाळा आहे. कट्ट्यावर येणारे जुने पैलवान अजून ताजं धारोष्ण लिटरभर घेतात, वर तूप, बदाम. आणि मेहनत म्हणाल तर सकाळची वीस मिनिटं. डॉक्टर, कुस्तीनं हृदय मोठं होतं म्हणतात ते चांगलं की वाईट?

टाकाळ्याचा_डॉक्टर

व्यायामानं हृदय मोठं होतं ते बहुतेक वेळा चांगलंच असतं, आणि व्यायाम थांबवला की मागे येतं. रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला राहून हृदयाची भिंत जाड होते ते वाईट, ते आपोआप मागे येत नाही. बाहेरून दोन्ही माणसं सारखीच दणकट दिसतात. इको केल्याशिवाय आणि रक्तदाब मोजल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत हृदयानं गेलेल्या जवानांचे शवविच्छेदन अहवाल तपासले तर दहातल्या आठांच्या आसपास लोकांत रक्तवाहिन्यांत अडथळे आणि वाढलेलं हृदय दोन्ही सापडलं. आजार आत आधीपासून होता, आगीनं फक्त निमित्त केलं.

जोर-बैठका, वजन ओढणं, होज धरून ठेवणं, डोक्यावर हात करून छत फोडणं, या सगळ्यात रक्तदाब एकदम उसळतो. दमसास वेगळी गोष्ट आहे, तो चालण्या-पळण्या-पोहण्यातून येतो. पैलवानाकडे ताकद असते, दमसास असेलच असं नाही. आगीला दोन्ही लागतात.

वर्दीवाल्याची_बायको

मी इथं सहसा वाचतेच. दोन ओळी लिहिते. पंधरा-पंधरा दिवस ह्यांची रात्रपाळी असते. घरी आल्यावर दिवसा झोप लागत नाही, गल्लीत लग्नाचा डॉल्बी. चिडचिड होते, बीपीची गोळी विसरतात, विचारलं तर "तू डॉक्टर का?" २०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीकडं माणसं काढायला होते, तेव्हा आठ दिवस गोळीच घेतली नव्हती हे मला नंतर पाकीट मोजल्यावर कळलं. आगीचं सगळे बोलतात, पुराचं पण तेच आहे. थंड पाण्यात उभं राहायचं, बोटी ओढायच्या, झोप नाही.

आता मी गोळ्यांची एक पट्टी त्यांच्या बॅगेत, एक केंद्रावरच्या कपाटात ठेवलीय. भांडून उपयोग होत नाही.

टाकाळ्याचा_डॉक्टर

वहिनी, दोन पट्ट्यांची युक्ती मी माझ्या पेशंटना सांगणार आहे. तुमच्या नावानं.

नाट्यवेडा_मंगळवार_पेठ

थोडं अवांतर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा मी बाहेर उभा होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर डोळ्यांदेखत जळत होतं. रंगमंच लाकडी, पडदे, खुर्च्या, छत. सगळी गर्दी हळहळत होती, मोबाइल वर धरून. मीही त्यातलाच. पण हा धागा वाचल्यावर आता आठवतंय, फाटकाजवळ दोन जवान जमिनीवर पाय पसरून बसले होते, हेल्मेट बाजूला, आणि आम्ही त्यांना ओलांडून पुढं बघायला जात होतो. पाणी तरी विचारायला हवं होतं कुणी.

जुना_तांडेल

पाणी विचारलंत तर देवच पावला. पण नुसतं पाणी नाही. बाहेर आलेल्या माणसाचा पहिल्यांदा कोट काढा, टोपी काढा, सावलीला बसवा. वाऱ्याला. कोट तसाच ठेवून बसलं तर आतली वाफ आतच राहती. आमच्या वेळेला असं काही नव्हतं, चहा आणि बिडी. आगीतनं आल्या आल्या बिडी! किती जणांना मी स्वतःच पेटवून दिलीय.

टाकाळ्याचा_डॉक्टर

यावर परदेशात बाकायदा नियम आहेत. अमेरिकेतल्या एनएफपीए या संस्थेच्या मानकाप्रमाणे अर्ध्या तासाचे दोन सिलिंडर संपले किंवा चाळीस मिनिटं जोराचं काम झालं की किमान वीस मिनिटं बाहेर बसायचंच. नाडी बघायची, रक्तदाब बघायचा, ठीक असेल तरच परत आत.

आणि थंड करायची सगळ्यात स्वस्त पद्धत: कोपरापर्यंत दोन्ही हात गार पाण्याच्या बादलीत, दहा-पंधरा मिनिटं. हाताच्या पंज्यात आणि मनगटापाशी रक्त कातडीच्या अगदी जवळ असतं, त्यामुळे अंगातली उष्णता झपाट्यानं उतरते. बंबावर पाण्याला तोटा नाही, दोन बादल्या टाकल्या की झालं. याला निविदा काढावी लागत नाही.

पेठेतली_धाकटी

सगळ्यांना उत्तरं देते, उशीर झाला. दादाला दुसऱ्या डॉक्टरांकडं नेलं. रक्तदाब १६८/१०४. कधीपासून असेल देव जाणे, कारण भरतीनंतर कुणी मोजलेलाच नाही आणि दादानंही कधी मोजू दिला नाही. इकोमध्ये हृदयाची भिंत जाड. गोळ्या सुरू केल्यात. ताणचाचणी बीपी उतरल्यावर करणार. तोवर आगीवर जायचं नाही, नियंत्रण कक्षात फोन घ्यायचे.

घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे. दादा म्हणतो, "मला म्हातारा केलं." साहेबांनी फोन केला तर उचलेना. खरं सांगायचं तर मला त्याच्या हृदयापेक्षा आता हीच काळजी जास्त वाटते, की असं बाजूला बसवतात म्हणूनच बाकीचे तपासायला जात नाहीत.

जुना_तांडेल

ताई, नेमकं तेच आहे. पोरं तपासणीला घाबरत नाहीत, "अनफिट" शिक्क्याला घाबरतात. रात्रपाळीचा भत्ता जातोय, बढती अडकते, वर गल्लीत मान खाली. माझ्या हाताखालच्या एकानं दुसऱ्याचं लघवीचं सँपल दिलं होतं, साखर लपवायला. दोष त्याचा धरायचा का?

तुमच्या दादाला सांगा, नियंत्रण कक्षातला चांगला माणूस अर्धी आग फोनवर विझवतो. पत्ता नीट घेणं, आत सिलिंडर आहेत का, वीज तोडली का, माणसं अडकलीत का, हे विचारणारा अनुभवी असला की बंबावरची पोरं कमी पळतात. मी शेवटची दोन वर्षं तेच केलं.

भाकरी_विरुद्ध_बर्गर

हे पटलं. तपासणी वर्षाला सक्तीची करायची असेल तर आधी लिहून द्यायला हवं की उपचार घेऊन बरा झालेला माणूस परत बंबावर जाईल आणि मधल्या काळात पगार कापला जाणार नाही. नाहीतर सगळे नॉर्मलच निघतील कागदावर. अमेरिकेत म्हणे कामानंतर २४ तासांत झटका आला तर तो कामामुळेच धरतात?

टाकाळ्याचा_डॉक्टर

होय, २००३ चा कायदा आहे. ड्यूटीवरच्या जोराच्या कामानंतर २४ तासांच्या आत झटका किंवा पक्षाघात होऊन माणूस गेला तर तो कर्तव्यावरचा मृत्यू मानून कुटुंबाला लाभ देतात, अर्थात विरुद्ध वैद्यकीय पुरावा नसेल तर. त्या २४ तासांमागचं शास्त्र वर लिहिलंय तेच.

आपल्याकडे १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांच्या आठवणीत. त्या दिवशी हारतुऱ्याबरोबर प्रत्येक केंद्रावर रक्तदाब मोजायचं यंत्र ठेवलं तरी खूप झालं. दोन-अडीच हजाराला मिळतं.

करवीरचा_ऊसवाला

धागा संपत आलाय तरी विचारतो. आमच्याकडं तारांचं घर्षण होऊन ऊस पेटतोच. बंब येईपर्यंत वाट बघत नाही कुणी, सगळी गल्ली ओल्या फांद्या, घमेली घेऊन पळती. त्यात साठीचे बापय पण असतात. बीए नाही, सूट नाही. आम्हाला पण हेच लागू का?

टाकाळ्याचा_डॉक्टर

लागू, आणि एका अर्थानं जास्त. जवान निदान रोज हालचाल करतो. वर्षभर बांधावर उभं राहून कामं सांगणारा साठीतला माणूस अचानक जिवाच्या आकांतानं पळाला की धोका सवय असलेल्यापेक्षा कितीतरी पटीनं वाढतो. उघड्यावर कार्बन मोनॉक्साइड तितका साठत नाही, पण पाचटाचा धूर, दुपारचं ऊन आणि आपला ऊस जळतोय ही तडफड, एवढं पुरतं.

ज्यांना बीपी, साखर आहे, छातीची शस्त्रक्रिया झालीय, त्यांनी आगीच्या तोंडावर जायचं नाही. मोटर चालू करणं, १०१ ला फोन, बंबाला रस्ता दाखवणं, शेजारचा पट्टा तोडून घ्यायला माणसं लावणं, ही कामं त्यांची. आणि कुणी कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल, दमलात की दुसऱ्यानं घ्यायचं, १०८ येईपर्यंत थांबायचं नाही. कांदा हुंगवू नका, तोंडात पाणी घालू नका.

करवीरचा_ऊसवाला

कांदा आमच्यात हमखास फोडतात. सोसायटीच्या बैठकीत हे वाचून दाखवतो. छाती दाबायचं कुणी येऊन शिकवेल का गावात? वीस-पंचवीस पोरं जमवतो.

टाकाळ्याचा_डॉक्टर

रविवारी सकाळी मोकळा असतो. व्यनि करा. सरावाला एक जुनी गादी आणि घट्ट उशी लागेल, बाकी मी आणतो.

जुना_तांडेल

मला पण न्या डॉक्टर. फांदीनं ऊस कसा विझवायचा नाही ते मी सांगतो.